तुझं झालं की दे : खेळगटातल्या खेळण्यांच्या नोंदी

१० जून, सोमवार

या सत्राचा विषय ठरला. आम्ही दोघी ताई एकाच गोष्टीवर लक्ष ठेवणार आहोत: खेळणं एका मुलाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं कसं? ओढून, मागून, मोठ्यांनी दटावलं म्हणून, की आपणहून?

खेळगटात सव्वादोन ते साडेचार वर्षांची मुलं एकत्र आहेत. काहींची गाडी अजून दोन शब्दांच्या वाक्यावर आहे, तर काही जण 'आधी मी डॉक्टर, मग तू' अशी पक्की बोलणी करतात. त्यामुळे एकच अपेक्षा सगळ्यांना लावायची नाही, हे आधीच ठरवून टाकलं.

नोंदींत मुलांची नावं लिहायची नाहीत. वाचता येत नसल्यामुळे प्रत्येकाच्या कप्प्यावर एक चित्र चिकटवलेलं असतं, तेच इथे नाव. हत्ती, पतंग आणि मासा हे मुलगे. चांदणी आणि छत्री या मुली. कासव सगळ्यांत धाकटं.

सुरुवातीला फक्त बघायचं. कोणी चावलं, मारलं किंवा कोणाला लागण्यासारखं असलं तरच मध्ये पडायचं. वहीत रकाने असे आखलेत: खेळणं कोणतं, आधी कोणाकडे होतं, कसं गेलं, मोठं माणूस काय म्हणालं, आणि पाच मिनिटांनी दोघं काय करत होती. शेवटचा रकाना माझ्या आग्रहाचा. रडणं थांबलं की मोठ्यांची नजर दुसरीकडे वळते. खरं काय शिकलं गेलं ते त्यानंतरच दिसतं.

१४ जून, शुक्रवार

भांडण कशावरून होतं याचा अंदाज होता, पण इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं. भांडण खेळण्यावरून होत नाही, चालू असलेल्या खेळावरून होतं. पिवळा ट्रक सकाळभर कोपऱ्यात पडून होता, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. हत्तीने तो उचलून 'भुर्रर्र' केलं आणि तीन डोकी एकदम वळली. शेजारी तसाच लाल ट्रक होता. तो नको होता, कारण तो चालत नव्हता.

मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांचा खेळ बारकाईने पाहून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले: एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी शेजारी पण आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं आणि शेवटी मिळून एकच खेळ उभा करणं. आमच्या वहीतली बरीचशी ओढाओढ 'शेजारी शेजारी' खेळणाऱ्यांत होते. एकाचे ठोकळे दुसऱ्याच्या गुडघ्याला लागलेले असतात, बोलणं काहीच नसतं, पण डोळे सतत शेजाऱ्याच्या हातांवर असतात. तो जे करतो ते मलाही करायचंय, आणि करायचं तर तीच वस्तू हवी. यात हावरटपणा कुठेच नाही. ही शेजाऱ्याबद्दलची उत्सुकता आहे, फक्त ती हातांतून व्यक्त होते.

१९ जून, बुधवार

आजचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवते, कारण अशा तऱ्हेचे प्रसंग वहीत सर्वांत जास्त आहेत.

हत्ती ट्रकमध्ये ठोकळे भरत होता. एक ठोकळा आडवा, त्यावर दुसरा, तिसरा घसरला की पुन्हा सगळं उतरवून पहिल्यापासून. पतंग आला, ट्रकच्या कडेला हात घातला. हत्तीने पोट टेकून ट्रक अंगाखाली घेतला आणि 'माझाऽऽ' म्हणून ओरडला. खोलीतलं मोठं माणूस आलं आणि जे जगातला प्रत्येक मोठा माणूस म्हणतो तेच म्हणालं: 'बराच वेळ खेळलास ना, आता त्याला दे बघू. शहाणा ना तू?' हत्ती हलला नाही. मग ट्रक हळूच, प्रेमानेच, त्याच्या अंगाखालून काढून पतंगला दिला गेला.

आता शेवटचा रकाना. पतंगने ट्रक जेमतेम भिंतीपर्यंत नेला, मागे वळून मोठ्यांकडे पाहिलं आणि सोडून दिला. हत्ती थोडा वेळ रडला, मग उठून थेट माशाकडे गेला, त्याच्या हातातली क्रेन ओढली आणि म्हणाला, 'बराच वेळ खेळलास.'

सूर हुबेहूब तोच होता. आपल्या हातातलं काढून घेण्याचा हक्क अंगाने मोठ्या असलेल्याला असतो आणि घेताना हे वाक्य म्हणायचं असतं, एवढंच त्याने यातून उचललं. ठोकळे रचण्याचं काम अर्धवट तुटलं, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आम्हाला मात्र तो ठेवायचा आहे.

२४ जून, सोमवार

'माझं' या दाव्याबद्दल पालकांना सर्वांत जास्त लाज वाटते, म्हणून त्यावर आम्ही दोघींनी जरा वाचन आणि चर्चा केली.

साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशात स्वतःला ओळखू लागतं. नाकावर लागलेला रंगाचा ठिपका आरशात दिसला की हात आरशाकडे न नेता स्वतःच्या नाकाकडे नेतं. त्याच सुमारास 'मी', 'मला', 'माझं' सुरू होतं. लॉरा लेव्हाइन यांनी १९८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलग्यांच्या जोड्या पाहिल्या. ज्यांना 'मी वेगळा आहे' याची जाण जास्त होती, तेच खेळण्यांवर जास्त हक्क सांगत होते. म्हणजे हा हक्क वाढीचाच भाग. मी कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे मूल हातातल्या वस्तूंवरून आखून बघत असतं.

माझं स्पष्ट मत असं की, 'माझं' म्हणजे काय हे ज्याला नीट कळलेलं नाही, त्याच्याकडून देण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आधी धरून ठेवू द्यावं लागतं.

यात खेळगटाची आपली एक अडचण आहे. घरी खेळणं खरोखर मुलाचं असतं. इथे कुठलंच खेळणं कोणाचं नाही, तरी हातात आलं की ते हातापुरतं त्याचं होतं. मोठ्यांच्या जगात यासाठी सोय असते: वाचनालयातलं पुस्तक माझ्याकडे आहे, माझं नाही, पण माझी मुदत संपेपर्यंत कोणी ओढून नेणार नाही. मुलांना ही खात्री कुणीच दिलेली नसते.

२८ जून, शुक्रवार

बघण्याचा टप्पा संपला. सोमवारपासून खोलीतला नियम बदलतो आहे. सगळ्या मोठ्यांनी, मावशींनीही, एकाच पद्धतीने बोलायचं.

ज्याच्या हातात खेळणं आहे, त्याचं मन भरेपर्यंत ते त्याच्याकडे राहणार. 'आता दे' हे वाक्य बंद. हवं असेल त्याने विचारायचं: 'तुझं झालं की मला देशील?' ज्याला विचारलं त्याला 'नाही, अजून नाही' म्हणायची पूर्ण मोकळीक. मोठ्यांनी दोघांच्या उंचीवर बसायचं, वाट पाहणाऱ्याच्या बाजूला. आपण बसतो ते बहुतेक वेळा देणाऱ्याच्या समोर, आणि त्याचं ओझं होतं. खाली ठेवून निघून गेलं की खेळणं मोकळं. पाणी प्यायला किंवा शू करायला गेलं तर मोकळं नाही, ताई सांभाळेल.

आणखी एक: खेळणं सुटलं की मोठ्यांनी वाट पाहणाऱ्याची आठवण करून द्यायची. तीन वर्षांच्या मुलाला आपण कोणाला काही कबूल केलं होतं हे खेळाच्या नादात आठवत नाही. ते आठवून देणं आपलं काम.

मावशींची शंका रास्त होती: 'एकानेच दिवसभर धरून ठेवलं तर?' ठेवू दे, असं ठरलं. निदान काही दिवस तरी ठेवू द्यायचं आणि काय होतं ते बघायचं.

वाट पाहणं डोळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर एक दोरी बांधली. दोरीच्या टोकाला खेळण्याचं चित्र. प्रत्येक मुलाला कपडे वाळत घालायचा एक चिमटा, त्यावर त्याच्या कप्प्यातलं चित्र. ट्रक हवा असेल तर आपला चिमटा ट्रकच्या दोरीला लावायचा. पुढे कोण आहे ते कळतं, आणि आपण विसरले गेलेलो नाही हेही.

३ जुलै, बुधवार

हत्तीने ट्रक सकाळभर सोडला नाही. खाऊच्या वेळी मांडीवर, गोष्टीच्या वेळी काखेत. खेळत नव्हता, नुसता राखत होता. ट्रक आपल्या हातात राहील यावर त्याचा विश्वासच नाही, आणि का असावा?

चिमट्यांचं मात्र मुलांना भलतंच आकर्षण वाटलं. चांदणीने आपला चिमटा एकामागून एक सगळ्या दोऱ्यांना लावून पाहिला. पतंगने तो ट्रकच्या दोरीला लावला, दोन पावलं मागे सरून बघितला, पुन्हा जाऊन सरळ केला. बोटांत अजून पुरता जोर नाही, त्यामुळे चिमटा दाबताना ओठही दाबले जातात. नंतर तो मातीकडे गेला, अधूनमधून येऊन चिमटा जागेवर आहे ना ते पाहत राहिला. वाट पाहणारं मूल रडत नव्हतं, काम करत होतं. माझ्या दृष्टीने आजची मोठी गोष्ट हीच.

वाळूच्या घड्याळावर आमच्यात वाद झाला. सहकारी ताईंचं म्हणणं, वाळू संपली की वेळ संपली, भांडण घड्याळावर जातं, मोठ्यांवर नाही. मला ते पटत नाही. घड्याळाला हत्तीचे ठोकळे रचून झालेत की नाहीत हे कळत नाही. पण जिथे एकच वस्तू आणि भली मोठी रांग, जसं की अंगणातली तीनचाकी, तिथे त्यांचं बरोबर आहे. तिथे खेळ मधे तोडला तरी तुटत नाही, एक फेरी संपतेच. तेव्हा घड्याळ अंगणात राहील. आत, जिथे मुलं काहीतरी उभारत असतात, तिथे नाही.

९ जुलै, मंगळवार

कासवाला यातलं काही लागू पडत नाही, हे सरळ लिहायला हवं. 'तुझं झालं की' यातला 'की' त्याच्या आवाक्याबाहेर आहे. हवं म्हणजे आत्ता. चिमटा त्याने तोंडात घातला.

या वयाबद्दल सीलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचं २००९ मधलं काम उपयोगी आहे. त्यांनी दीड वर्षाच्या आणि पंचवीस महिन्यांच्या मुलांना असं निवडायला दिलं की स्वतःलाच खाऊ मिळावा, की स्वतःचं काहीही कमी न होता समोरच्या मोठ्या व्यक्तीलाही मिळावा. दीड वर्षाची मुलं दोन्हींतलं काहीही ओढत होती. पंचवीस महिन्यांची मुलं दुसऱ्याला मिळेल असं निवडत होती, पण समोरच्या व्यक्तीने आपल्याला काय हवंय ते तोंडाने सांगितलं तरच. गप्प बसलेल्या माणसाची इच्छा त्यांना ओळखता येत नव्हती.

यातून आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. अडीच वर्षांखालच्या मुलांच्या वतीने आम्ही मोठ्याने बोलतो. 'कासवाला तो चेंडू हवाय. बघ, हात पुढे केलाय.' समोरच्याला ऐकू येतं आणि कासवालाही आपल्या हाताचा अर्थ शब्दांत ऐकायला मिळतो. शिवाय लहानांच्या चटईवर प्रत्येक आवडती वस्तू जोडीने ठेवली: दोन चेंडू, दोन डफ, दोन बादल्या. या वयात नियम शिकवण्यापेक्षा वस्तू वाढवणं जास्त शहाणपणाचं. आणि लक्ष दुसरीकडे वळवायलाही हरकत नाही. चार वर्षांच्या मुलाचं मन असं वळवणं म्हणजे त्याची फसवणूक, पण दोन वर्षांच्या मुलासाठी ती सुटका असते.

१२ जुलै, शुक्रवार

पालकांची बैठक. खूप बोलणं झालं.

एक बाबा म्हणाले, दिलं की मुलाच्या हातावर ताऱ्याचा ठसा द्या, दहा ठसे झाले की बक्षीस. उपाय वाईट हेतूचा नाही, पण मी विरोध केला. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग सांगितला. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देण्याची मुलांना उपजत हौस असते. ज्या मुलांना प्रत्येक वेळी वस्तूरूप बक्षीस दिलं, त्यांची ती हौस पुढे कमी झाली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची टिकली. तो प्रयोग मदतीचा होता, वाटून घेण्याचा नव्हे, हेही सांगितलं. तरी दिशा कळते. ज्या गोष्टीसाठी मोबदला लागतो, ती करण्यासारखी नसावी, असा अर्थ मूल लावतं.

एका आजोबांनी विचारलं, 'मग हे कधी शिकणार?' प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी तीन ते आठ वर्षांच्या २२९ मुलांना गोळ्या वाटायला दिल्या होत्या, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं आपल्यापुरतं बघत होती. सात-आठ वर्षांच्या बहुतेकांना समान वाटणी हवी होती. म्हणजे मधे काही वर्षं आहेत आणि ती जाऊ द्यावी लागतात. आजोबा म्हणाले, 'मग आम्ही उगाच घाई करतो.' मी म्हटलं, घाई लोकांसमोर होते. घरात आपण दोघंच असताना मुलाने ट्रक धरून ठेवला तर आपल्याला काही वाटत नाही. शेजारचे बघत असले की वाटतं.

यावर एक आई पटकन बोलल्या. बागेत दुसऱ्या मुलाची आई त्यांच्याकडे बघत असते आणि त्या बघण्यापोटी त्या लेकीच्या हातातलं काढून देतात. त्यांना काय सांगायचं? मी एवढंच सुचवलं की मुलीशी बोलताना दुसऱ्या आईलाही ऐकू जाईल असं बोलावं: 'हा वाट बघतोय हं, तुझं झालं की याला देऊ.' दोन्ही मुलांचं ऐकलं जातं आणि दोन्ही आयांचंही.

घरी पाहुण्यांची मुलं यायची असतील तर आधी मुलाला विचारून दोन-चार लाडकी खेळणी कपाटात ठेवून द्यावीत, हेही सांगितलं. जे उरलं ते सगळ्यांचं. काय सुरक्षित आहे हे कळलं की बाकीचं सोडणं सोपं जातं.

आणि छत्रीच्या दुपट्याचा विषय. कडा विरलेलं, वास येणारं दुपटं ती रोज आणते. ते कोणाला 'थोडा वेळ दे' असं कधीही म्हणायचं नाही. डॉनल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूंबद्दल १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं होतं: आई जवळ नसताना मूल तिचा आधार अशा वस्तूत शोधतं. ते खेळणं नाहीच. आमच्या नियमांच्या यादीत ते मोडत नाही.

२३ जुलै, मंगळवार

आज दिलं.

हत्ती खिडकीखाली ट्रकमध्ये पाइनची फळं भरत होता. गेल्या आठवड्यापासून तो ट्रक काखेत घेऊन हिंडत नाही, खाऊच्या वेळी शेजारी ठेवतो. पतंग येऊन उकिडवा बसला. 'झालं की देशील?' 'नाही. अजून ओतायचंय.' पतंग उठून दोरीकडे गेला, चिमटा लावला, परत येऊन बसला. हत्तीने ट्रक तिरका केला, फळं गडगडत पडली, एक लांब पलंगाखाली गेलं, ते पालथं पडून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. मग उठला. ट्रक दोन्ही हातांनी उचलला, पतंगच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, 'माझं झालं. घे. याचं हे चाक अडकतं, असं कर.' आणि अडकणारं चाक कसं ठोकायचं ते दाखवलं.

मी काही बोलले नाही. शाबासकी दिली असती तर तो माझ्याकडे वळला असता. तो पतंगच्या तोंडाकडे बघत होता, आणि जे बघायचं होतं ते तिथे होतं.

नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनीर यांनी २०१३ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना दुःखी बाहुलीला स्टिकर द्यायला लावलं. काहींना 'द्यायचंच' म्हणून सांगितलं, काहींना स्वतःकडे ठेवायची खरी मुभा होती आणि तरी त्यांनी दिलं. पुढे दुसरी बाहुली आली तेव्हा ज्यांनी स्वतःच्या निवडीने दिलं होतं, त्यांनी जास्त दिलं. ठेवता आलं असतं तरी मी दिलं, हे मुलाला स्वतःबद्दल काहीतरी सांगून जातं. ठेवायची मुभाच नसेल तर असं काही कळायला वावच राहत नाही.

३१ जुलै, बुधवार

दोन दोऱ्यांची गाडी तयार झाली. लाकडी फळी, खाली चाकं, समोर एकमेकांपासून लांब बांधलेल्या दोन दोऱ्या. एकाने ओढली की फळी गोल फिरते. दोघांनी बरोबर ओढली तरच सरळ येते.

ही कल्पना कॅथरिना हामान आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या प्रयोगातून सुचली. तिथे तीन वर्षांच्या मुलांच्या जोड्यांनी मिळून दोरी ओढली की गोट्या मिळत, पण एकाच्या वाट्याला तीन आणि दुसऱ्याला एक. मिळून मेहनत केली असेल तर तीनवालं मूल बहुतेकदा एक गोटी देऊन दोन-दोन करत असे. त्याच गोट्या आयत्या मिळाल्या असतील तर तसं फारच कमी होई.

आमच्याकडे मासा आणि चांदणीने गाडी ओढली. आत रंगीत ठोकळे, मुद्दाम माशाच्या बाजूला जास्त. चांदणीने आपल्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. माशाने न सांगता ठोकळे तिच्याकडे सरकवायला सुरुवात केली आणि सरकवता सरकवता तिच्याकडेच जास्त झाले. मोजता कुठे येतंय अजून? मग तिने परत ढकलले. हे बराच वेळ चाललं, शेवटी तोच खेळ झाला.

जाता जाता: 'एक तुला, एक मला' हे मोजण्याचंही शिक्षण आहे. आमच्या साडेतीन वर्षांच्या काही मुलांचं मन समान वाटायला तयार आहे, हिशोब तयार नाही. मोठ्यांना ते पक्षपात वाटतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

गोलात बाहुल्यांचं नाटक. माकडाकडे चार बिस्किटं, अस्वलाकडे एकही नाही. माकडाने काय करावं? सगळा गोल एका आवाजात: 'अर्धी द्यावी!' सर्वांत मोठा आवाज माशाचा. नाटक संपलं आणि माशाने बाहुली पाठीमागे लपवली. कोणाला हातही लावू दिला नाही.

सहकारी ताई निराश झाल्या. मला नाही वाटलं. क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी २०१३ मध्ये दाखवलं की तीन वर्षांच्या मुलांनाही निम्मं निम्मं वाटावं हे ठाऊक असतं, स्वतःलाही ते लागू आहे असं ती म्हणतात, आणि तरी स्वतःकडे जास्त ठेवतात. विचारलं तर 'मी जास्त ठेवणार' असं खरंखरं सांगतातही. माहिती कमी पडत नाही, म्हणून उपदेशाने फरक पडत नाही. हवं असलेलं हातात असताना ते वजन बाजूला ठेवण्याची ताकद हळूहळू येते. त्यामुळे नीतिकथा आम्ही कमी केल्या आणि सराव वाढवला.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज छत्रीबद्दल लिहायचं आहे. हे आधी यायला हवं होतं, पण ती दिसतच नाही, हाच तिचा प्रश्न.

पहिल्या महिन्याची वही पुन्हा चाळली. छत्रीचं नाव भांडणाच्या रकान्यात जवळपास नाही. तिच्या हातातून खेळणी मात्र सतत जात होती. कोणी हात पुढे केला की ती सोडून देते. चित्र रंगवताना ब्रश, घर मांडताना कप. मग उठून दुसरीकडे जाते. 'किती समजूतदार!' असं तिच्याबद्दल सगळे म्हणत आले. शेवटचा रकाना वाचला तर पाच मिनिटांनी ती बहुतेकदा रिकाम्या हाताने दुसऱ्यांचा खेळ बघत उभी असते.

हे देणं नव्हे. सुटका करून घेणं आहे. हत्तीला सोडायला शिकायचं होतं, छत्रीला धरायला शिकायचं आहे, आणि तिच्यासाठी धावून जावं असं कोणाला वाटत नाही, कारण ती ओरडत नाही.

या आठवड्यात मी तिच्या बाजूला बसते आहे. कोणी हात पुढे केला की तिला विचारते, 'तुझं झालंय का?' पहिल्यांदा ती नुसती बघत राहिली, जणू हा प्रश्न तिला विचारता येतो हे नवीन होतं. काल कासवाने तिचा लाटणं-पोळपाटाचा खेळ ओढायला घेतला, तेव्हा तिने ते छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, 'नाही झालं.' मी म्हटलं, 'मग कासवाला सांग.' तिने सांगितलं, जरा मोठ्याने. कासव रडलं. छत्री घाबरली, पण लाटणं सोडलं नाही. कासवाला मी उचलून घेतलं. त्याचं रडणं सांभाळणं माझं काम होतं, तिचं नाही. नंतर तिने बराच वेळ पोळ्या केल्या आणि सर्वांत शेवटची कासवासमोर नेऊन ठेवली.

आनंदाने माझं मन भरून आलं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

सत्राचा आढावा, पुढच्या ताईंसाठी.

ओढाओढ थांबलेली नाही. नवीन मूल आलं किंवा नवं खेळणं उघडलं की सगळं पहिल्यासारखं होतं आणि थोड्या दिवसांत निवळतं. नवं खेळणं आणताना आधी गोलात दाखवायचं, दोरी बांधायची, चिमटे लागले की मगच खाली ठेवायचं. याने बराच फरक पडतो.

तीन वर्षांपुढच्या मुलांनी 'झालं की देशील?' आता आपलंसं केलं आहे, मोठे जवळ नसतानाही म्हणतात. धरून बसण्याचा वेळ आपोआप आखडला. मावशींच्या शंकेचं उत्तर हेच: दिवसभर धरणारा पहिले काही दिवसच धरतो, काढून घेणार नाहीत याची खात्री पटेपर्यंत. याला अपवाद मासा. तो अजून लपवतो. त्याच्या घरी नुकतंच बाळ आलं आहे, तेव्हा सध्या त्याला बरंच काही नको असताना वाटून घ्यावं लागतंय. त्याच्यासाठी एक डबा ठेवला आहे. त्यातलं सत्र संपेपर्यंत फक्त त्याचं.

अडीच वर्षांखालच्यांना चिमटे द्यायचे नाहीत, तोंडात जातात. वस्तू जोडीनेच ठेवायच्या. त्यांच्याकडून आपणहून देण्याची अपेक्षा नोंदवहीतही लिहायची नाही.

वहीत एक रकाना वाढवला आहे: 'कोणी काहीच मागितलं नाही'. छत्रीसारखी अजून दोन मुलं आहेत असा माझा अंदाज आहे. पुढच्या सत्रात पहिले पंधरा दिवस फक्त त्यांच्याकडेच बघायचं. दोऱ्यांच्या गाडीचं उजवं चाक ढिलं आहे, त्याआधी दुरुस्त करून घ्यावं.